चार बाजारांचा हिवाळा

बाजार नसेल त्या दिवशी बाजारतळाकडे कुणी बघत नाही. आज सकाळी मी बघितलं. सोलापूरला चादरींच्या एका कारखान्यात उरलेल्या सुताच्या लडी बघायला निघाले होते. मिरजगाव आलं आणि मी गाडी उगाचच कर्जतच्या रस्त्याला घातली. तळावर दोन शेळ्या फिरत होत्या. कांद्याची वाळकी सालं वाऱ्याबरोबर इकडून तिकडे जात होती. आणि सगळ्या जमिनीवर भोकं होती, पालांचे बांबू रोवून रोवून पडलेली, मुठीएवढी, ओळीनं. माणसं उठून गेली तरी त्यांच्या रांगा राहिल्या होत्या.

चपला काढून मी आमची जागा शोधली. डोळ्यांना सापडली नाही, कारण कडुनिंब आता दुप्पट झालाय आणि पलीकडच्या भिंतीवर कसल्या तरी शाळेची जाहिरात रंगवलीय. पायांना सापडली. झाडापासून सात पावलं, मग जमिनीत रुतलेला चपटा दगड, सकाळच्या वेळी थंडगार. त्या दगडावर उभी राहिले आणि नाकात सगळं एकदम आलं. सुके बोंबील, गोडीशेवेचा पाक, कोऱ्या कापडाची खळ, टेम्पोचं डिझेल.

मी रोज सकाळी चार ओळी लिहून फोनवरून ओळखीच्या सगळ्यांना पाठवते. काल काय शिवलं, काय बिघडलं, आज कुठे चाललेय. सावेडीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये लहान मुलांचे कपडे तयार होतात, पण त्या चार ओळींत बहुतेक वेळा माझे इतर उद्योगच असतात. चिंध्यांची पुस्तकं, डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग, कच्छच्या कुठल्याशा गावात बघितलेला टाका. लोक वाचतात आणि विचारतात, ही रोजची सवय कुठून लागली? मी काहीतरी उत्तर देते. खरं उत्तर या दगडापाशी आहे.

ही जागा रूथमावशीची.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे मावशीचं अक्षर वळणदार आणि बोलणं खणखणीत. काका जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भिंगारला ती दोन खोल्यांत राहायची. पुढच्या खोलीत पायाची शिलाई मशीन, आणि त्या मशीनवर लहान मुलींचे फ्रॉक. फुगा बाही, मागं नाडी, घेराला झालर. प्रत्येक फ्रॉकला ती नाव ठेवायची. लाल लेसचा तो ‘नाताळ’. पोपटी, टिकल्यांचा तो ‘मामाचं लग्न’. खिसेवाला साधा निळा तो ‘शाळेत जाईन पण रडणार नाही’. गिऱ्हाइकाला ती ही नावं सांगायची आणि गिऱ्हाईक हसून तोच फ्रॉक न्यायचं.

हे फ्रॉक चार बाजारांत जायचे. वाळकी, काष्टी, मिरजगाव, कर्जत. अन्वरभाई नावाचे एक चपलांचे व्यापारी होते, दाढी मेंदीनं रंगवलेली, त्यांच्या टेम्पोत पुढं मावशी बसायची आणि मागं तिची गाठोडी चपलांच्या पोत्यांवर. त्या टेम्पोत रबराचा आणि कोऱ्या कापडाचा असा एक मिसळलेला वास असायचा. आजही कुठल्या दुकानात तो आला तर मला थंडी वाजते. हिवाळ्याची थंडी, पहाटे ज्वारीच्या रानांमधून जाताना काचेच्या फटीतून गालाला लागणारी.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यातलं एका जाहिरात कंपनीतलं चित्रं काढायचं काम सोडून आले होते. का सोडलं ते आता महत्त्वाचं वाटत नाही. आईकडे राहत होते आणि दर महिन्याला काहीतरी नवीन सुरू करत होते. बाटल्या रंगवल्या. मातीची कानातली केली. कापडी पिशव्यांवर पक्षी काढले. प्रत्येक उद्योगाचं एक खोकं माझ्या पलंगाखाली जाऊन बसलं. मावशी आली की पहिलं वाक्य हेच: “काय, कुठला उद्योग चालू आहे सध्या? आणि आधीचा कुठे गेला?” ती टोचून बोलायची नाही, खरंच विचारायची. तेच जास्त लागायचं.

दिवाळी झाली आणि काष्टीच्या बाजारात टेम्पोच्या फाळक्यावरून उतरताना मावशीचा पाय गाठोड्यात अडकला. उजवा घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. मी भेटायला गेले तेव्हा ती कॉटवर आडवी होती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेन्सिलीनं बाजार मोजत होती. आठवडे नाही, बाजार.

“नाताळाच्या तोंडावर,” ती म्हणाली. “आणि जागा जाईल ती वेगळीच.”

“जागा कशी जाईल? तुझीच आहे ना?”

“जागेला कागद नसतो गं. जागेला माणूस असतो. सलग तीन बाजार माणूस दिसला नाही, की चौथ्या बाजाराला तिथं दुसऱ्याचं पाल. बावीस वर्षं बसलेय मी तिथं. बावीस वर्षांत तीन बाजार कधी चुकवले नाहीत. तुझे काका गेले तेव्हाही दोनच.” मग तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. “तू बसशील?”

“मला ओरडता येत नाही, मावशी.”

“ओरड कुठे म्हणतेय मी? बस म्हणतेय. विकता आलं नाही तरी चालेल. बसायचं.”

मी हो म्हणाले. तिला माझी दया आली असती तर मी नाही म्हणाले असते. पण तिच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. तिला फक्त चार बाजारांत एक माणूस हवा होता.

पहिला बाजार कर्जतचा. उजाडताना आम्ही पोचलो. तळावर अजून धुकं होतं आणि त्या धुक्यातून बांबू ठोकल्याचे आवाज येत होते. कुठून येतात ते दिसत नव्हतं. अन्वरभाईंनी स्वतःचं पाल बाजूला ठेवून आधी माझं उभं करून दिलं. “बेटा, दोरी अशी आवळ. दुपारी वारा येतो. पाल म्हणजे छत्री नाय, घर हाय. घर उडालं की गिऱ्हाईक हसतं, घेत नाय.”

शेजारी शोभा होती. जामखेडकडची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. प्लास्टिकच्या बादल्या, मग, गाळण्या आणि एक भलामोठा निळा टब. तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

“रूथबाईंची कोन तुमी?”

“भाची.”

“बाई येत न्हाईत व्हय आता?”

“येणार आहे. पाय मोडलाय.”

“आस्सं,” शोभा म्हणाली, आणि तिनं निळा टब हातभर अलीकडे सरकवला.

मी गाठोडं सोडून फ्रॉक टांगायला लागले. बायका यायच्या, फ्रॉकला हात लावायच्या, माझ्याकडे बघायच्या. मी हसायचे. त्या पुढं जायच्या. बाजूला शोभाचा आवाज चढत जायचा आणि माझा घशातच राहायचा. दुपारी मी पालाचा एक फोटो काढला आणि मावशीला पाठवला. खाली लिहिलं: ‘बसले.’

दोन मिनिटांत तिचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. “बसले काय? एवढंच? कोण आलं, कुणाच्या कडेवर कितीची पोर होती, तिनं काय घातलं होतं, उन्हं कुठवर आली, अन्वरला कप दिलास का चहाचा, सगळं लिही. मी इथं छताकडे बघत पडलेय. आणि तो निळा टब कुणाचा? आपल्या दगडाच्या अलीकडं कसा?”

तिनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला होता. पुढच्या सगळ्या आठवड्यांत तिनं माझा प्रत्येक फोटो असाच बघितला.

तसं मी लिहायला लागले. आधी तिच्या धाकानं, मग तिच्या उत्तराच्या ओढीनं. ‘काष्टी. आज गुरांची गर्दी. पिवळा फ्रॉक गेला. नेणाऱ्या आजीनं तो आधी स्वतःच्याच छातीला लावून बघितला.’ ‘मिरजगाव. सकाळी इतकी थंडी की गोडीशेववाल्याच्या कढईपाशी सगळे व्यापारी उभे होते. विक्री दोन.’ ‘वाळकी. एक मुलगी ‘मामाचं लग्न’ धरून रडत बसली. आई म्हणाली, लग्न अजून ठरायचंय.’ मावशी उत्तर द्यायची. कधी हसणं, कधी हुकूम. “फ्रॉक आईच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगतेस तू. पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर टांग. हट्ट कोण करणार, आई का पोर?” मी दोरी खाली घेतली. त्या दिवशी नऊ फ्रॉक गेले.

तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. जुन्याच ऑफिसचा. जागा रिकामी झालीय, ये परत. ज्या दिवशी हजर व्हायचं होतं तो कर्जतचा बाजार होता. मी म्हणाले, सहा आठवडे पुरे होईपर्यंत जमणार नाही. पलीकडून हसल्यासारखा आवाज आला, “सहा आठवडे काय करतेयस?” मी टेम्पोत होते, मांडीवर गाठोडं होतं. म्हणाले, “बसतेय.” त्यांना ते कळलं नाही. मला पहिल्यांदाच नीट कळलं होतं.

पण बसायचं तर पुढं काहीतरी मांडलेलं हवं. मावशीनं दिवाळीआधी शिवलेला माल तिसऱ्या आठवड्याअखेर संपला. मशीन पायाची, आणि पाय प्लास्टरमध्ये. डाव्या पायानं चालवून बघायचा तिचा विचार आईनं रागावून हाणून पाडला. घरात उरलं होतं एकच गाठोडं, पांढऱ्या पॉपलिनच्या फ्रॉकांचं. कधीकाळी कुठल्याशा कार्यक्रमासाठी शिवलेले आणि पडून राहिलेले. काळ्या मातीच्या गावात पांढरा फ्रॉक कोण नेणार? मावशी म्हणाली, “ने तेच. रिकाम्या पालापेक्षा बरे.”

मी ते गाठोडं उचललं आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी घरी जाऊन पलंगाखालचं एक खोकं ओढलं. पिशव्यांवर पक्षी काढायचे ते, कापडावर टिकणारे रंग. अर्ध्या बाटल्या वाळल्या होत्या, अर्ध्या चालू होत्या.

कर्जतला त्या दिवशी पांढरे फ्रॉक टांगले तर बाया बघूनच वळायच्या. “मळंल की गं लगेच.” मी मांडीवर एक फ्रॉक पसरला, खाली पुठ्ठा सरकवला आणि घेरावर कोंबडी काढायला लागले. विकायला नाही. नुसतं हातावर हात ठेवून बसवेना म्हणून. लाल तुरा, पिवळे पाय, मागं चार पिल्लं. मान वर केली तेव्हा पालापुढं पाच-सहा माणसं वाकून बघत उभी होती. शोभासुद्धा ओरडायची थांबली होती.

गर्दीतून एक बाई पुढं आली. डोक्यावर पदर, हाताशी चारेक वर्षांची मुलगी.

“ताई, शेळी काढता येती का?”

“येते की.”

“तशी न्हाई. आमची शेळी. हिची हाय ती. एक कान फाटल्याला, कपाळाला पांढरा ठिपका. हिला त्या शेळीबिगर झोप येत न्हाई.”

मी मुलीला विचारलं, कुठला कान? तिनं स्वतःचा डावा कान धरून दाखवला. मी फाटका कान काढला, कपाळावर ठिपका ठेवला. रंग वाळेपर्यंत ती मुलगी समोर उकिडवी बसून होती आणि चित्राला ‘टिकली, टिकली’ म्हणून हाका मारत होती. वाळल्यावर मी बाईला सांगितलं, घरी गेल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा म्हणजे रंग जाणार नाही. ती म्हणाली, “इस्त्री कुठली? तांब्यात इंगळ घालून फिरवती.” आणि पोरीनं तो फ्रॉक अंगातल्या कपड्यांवरच चढवला आणि बाजारात फिरायला निघाली.

त्या दिवशी मी पुन्हा मान वर केली नाही. कुणाला बैलजोडी हवी होती, कुणाला लाल डब्याची एसटी. एका आजोबांनी नातीसाठी विहीर सांगितली, “पान्यानं भरल्याली काढा, खाली कोरडी दिसाय नको.” उसाचा ट्रॅक्टर, मोर, कांद्याची पात, एका मुलीला नुसतं तिचं नाव. बोटांना निळा रंग, पाठीला रग. संध्याकाळी मावशीला मी फक्त रिकाम्या दोरीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. तिचा आवाज आला तो जरा वेगळा होता. “उद्या आईला पाठव माझ्याकडे. पॉपलिन आणायचंय. मी कापून देते, तुझी आई शिवेल. तिला येतं, आळस करते.”

पाचव्या आठवड्यात कर्जतला ते झालं. बाजाराची पावती फाडणारे गृहस्थ आले, बरोबर रेघा मारायच्या फक्कीचं घमेलं घेतलेला एक माणूस. रांगा सरळ करायच्या होत्या. प्रत्येक पालापाशी थांबून ते विचारत होते, “ही जागा कुणाची?” आमच्यापाशी आले. मी चित्रात होते. मी तोंड उघडायच्या आत शोभा म्हणाली, “माजी हाय. ह्या अंगापासनं त्या दगडापत्तुर. रूथबाई दिवाळीपासनं आल्याच न्हाईत.”

ब्रश माझ्या हातात होता. मी उभी राहिले. “मी आलेय. दर बाजाराला आलेय मी.” आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या रांगेतून अन्वरभाईंनी मान बाहेर काढली. “बावीस वर्षं माझी मावशी इथं बसलीय. तिचा पाय मोडलाय, जागा मोडलेली नाही.”

“पुरावा काय?” ते गृहस्थ म्हणाले.

मी फोन काढला. पहिल्या बाजारापासूनचे सगळे फोटो, मावशीला पाठवलेले. त्यांनी अंगठ्यानं एकेक पुढं सरकवला. सगळे बघून झाल्यावर ते मिश्कील हसले. “ताई, तुमी दिसताय हे खरं. पण प्रत्येक फोटोत हा निळा टब पण दिसतोय. ह्या बी आल्यात की दर बाजाराला.”

आजूबाजूचे हसले. त्यांनी घमेलेवाल्याला खूण केली आणि त्यानं दगडाच्या अलीकडून, आमच्या जागेतून, फक्कीची पांढरी रेघ मारली. दोन हात जागा शोभाकडे गेली.

मी खाली बसले. रडू येत होतं आणि ते मला शोभासमोर यायला नको होतं. थोड्या वेळानं तीच आली, दोन कप चहा घेऊन. एक माझ्यापुढं ठेवला.

“राग धरू नका. तुमाला मावशी हाय, आई हाय. मला इथं कोन न्हाई. ह्या दोन हातांत आता घागरी बी मावत्याल.”

मी चहा घेतला. राग गेला नव्हता. पण चहा घेतला.

मावशीला फोटो पाठवायचं धाडस झालं नाही, म्हणून फोन केला. सगळं सांगितलं.

“किती गेली म्हणालीस?”

“दोन हात.”

“खाली दोन हात गेली,” मावशी म्हणाली. “वर किती आहे?”

“वर म्हणजे?”

“वर, वर. आभाळापर्यंत आहे की नाही? मग आडवा अजून एक बांबू बांध आणि दोन मजले टांग. वरच्या ओळीला मोठ्या पोरींचे, खालच्या ओळीला लहान. अन्वरला सांग, तो बांधून देईल. आणि रडत असशील तर नाक पूस आधी, माल खराब होईल.”

पुढच्या बाजाराला आमचं पाल त्या रांगेतलं सगळ्यात उंच होतं.

नाताळाच्या आधीचा शेवटचा बाजार. प्लास्टर निघालं होतं. डॉक्टर म्हणाले होते घरातल्या घरात चाला, त्याचा मावशीनं स्वतःपुरता अर्थ लावला. काठी घेऊन ती टेम्पोत पुढं बसली, केसांत शेवंतीचं फूल, अंगात चॉकलेटी स्वेटर. कर्जत येईपर्यंत ती रस्त्याकडेच बघत होती. कुठल्या रानात हुरड्याला आली ज्वारी, कुणी कांदा लावला, कुठली विहीर नवी, सगळं मोठ्यानं सांगत होती, जणू आम्हीच सहा आठवडे पडून होतो.

पालापुढं ती बराच वेळ उभी राहिली. दोन मजले फ्रॉक वाऱ्यावर हलत होते, त्यांवर कोंबड्या, मोर, एसट्या. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं काठीच्या टोकानं एक फ्रॉक जवळ ओढला.

“ही शेळी कुणी काढली?”

“मीच.”

“शेळीला चार सड असतात? दोन असतात. चार गाईला.” मग फ्रॉक सोडून दिला. “बाकी बरं आहे.”

मला त्या ‘बाकी बरं आहे’चा आनंद कुठे ठेवावा ते कळेना.

शोभानं एक बादली पालथी घातली आणि मावशीच्या पायाखाली दिली. मावशीनं पाय ठेवला, रेघेकडे एकदा बघितलं, शोभाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “घागरी पुढं मांड. मागं कुणाला दिसणार?” मग मान वर करून तिनं हाळी दिली. सहा आठवडे घरात कोंडलेला तो आवाज पार तळाच्या टोकापर्यंत गेला. “आया मागं, पोरी पुढं! जिचा फ्रॉक तिला बघू द्या! ज्याच्या घरी शेळी त्याला शेळी, ज्याच्या घरी मोर त्याला मोर!” माणसं वळली. मी ब्रश बुडवला.

त्यानंतर किती हिवाळे आम्ही गेलो. तिचे फ्रॉक, माझी चित्रं. ते दिवस सलग आठवत नाहीत, तुकडे येतात. टेम्पोत मांडीवर घेतलेला करंज्यांचा पितळी डबा. अन्वरभाईंनी रोज्यातही आमच्यासाठी आणलेली भेळ. काष्टीच्या बाजारात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा, एकाच वेळी चारी बाजूंनी येणारा आवाज. दुपारी पालाच्या कापडातून गाळून येणारं पिवळं ऊन, आणि त्या उन्हात डुलकी घेणारी मावशी, हातातली टेप तशीच. घरी परतल्यावर केसांतून निघणारी बाजाराची धूळ. ती धूळ मी तेव्हा खळखळ पाणी ओतून घालवत असे.

जागा कुणी हिसकावून घेतली नाही. आम्हीच गेलो नाही, हे मला लिहायला जड जातं. पण खरं तेच आहे. पुण्यात एक प्रदर्शन झालं, मग मुंबईत. सावेडीत दोन खोल्या घेतल्या, दोन बाया शिवायला आल्या. अन्वरभाईंच्या डोळ्यांना दिसेना, टेम्पो विकला गेला, आणि नंतर एका पावसाळ्यात ते गेले. मावशीला मी माझ्याकडे आणलं. कर्जतचा एक बाजार चुकला. मग दुसरा. तिसऱ्या बाजाराच्या दिवशी मी जयपूरला लाकडी ठसे बघत होते. त्या दिवशीच्या चार ओळींत मी तिथल्या भिंतींच्या रंगाबद्दल लिहिलं. मावशीनं वाचलं असणारच, ती रोज वाचते. तिनं उत्तर पाठवलं, ‘छान.’ एवढंच. तिच्यासारख्या बाईनं एवढंच लिहिलं, आणि मी पुढं निघून गेले.

शेळ्या राखणारी म्हातारी आता माझ्याजवळ येऊन उभी होती. अनवाणी उभी असलेली बाई बघून तिला काळजी वाटली असावी.

“काय हरवलं का बाई?”

“इथं कोण बसतं हो बाजाराला? या दगडापाशी?”

“मोबाईलची कव्हरं इकतो एक. आन् पलीकडं चप्पलवाला.”

“आणि बादल्यावाली? शोभा?”

“न्हाई बा. लई साल झाली दिसत न्हाई.”

“नवीन माणूस आला तर कुठं बसतो?”

तिनं काठीनं लांब दाखवलं. रांगेचं शेवटचं टोक, रस्त्याच्या कडेला, गटाराशेजारी. तिथं सावली नव्हती. मी तिथवर चालत गेले. पावलांनी मोजलं. चार पावलं रुंद, पाच पावलं आत.

तिथूनच मी फोन लावला. मावशी आता चौऱ्याहत्तरची आहे. तळमजल्यावर खिडकीशी तिची मशीन आहे, तिला मोटर बसवलीय आणि मोटरला ती अजून शिव्या देते.

“मावशी, मी कर्जतला आहे. तळावर.”

“सोलापूरला गेली होतीस ना?”

“वाटेत थांबले. आपल्या जागेवर दुसरं कुणी बसतं.”

“बसणारच. जागा रिकामी राहत नसते.”

“शेवटाला जागा आहे. गटाराजवळ. सावली नाही.”

पलीकडं मशीनची मोटर बंद झाल्याचा आवाज आला.

“मावशी, मी म्हणत होते की महिन्यातनं एकदा नाही. दर बाजाराला. वर्कशॉपचं मी बघते काय करायचं ते. मी बसेन. तुझ्या पायाला झेपणार नाही, म्हणून तू—”

“पायाचं काय मधेच?” मावशी म्हणाली. “फ्रॉक काय पायानं विकायचे असतात?”

“मग येशील?”

“बाजाराला किती दिवस आहेत?”

“चार.”

“चारच?” तिचा आवाज एकदम खणखणीत झाला. “आणि तू गप्पा मारत उभी आहेस तिथं? सोलापुरात अर्धा इंची लाल लेस बघ, चांगली असेल तर सगळी उचल. ठेव फोन. मला कापायला बसायचंय.”

तिनं म्हटलं खरं, पण फोन बंद करायला ती विसरली. मी उन्हात उभी राहून ऐकत होते. खुर्ची सरकली. कापड झटकल्याचा आवाज आला. आणि मग लाकडी टेबलावर तिची कात्री चालायला लागली.